फेलओव्हर होतो, पण शेअर्ड डिस्क दुसऱ्या नोडवर येत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

दोन नोडचं (सर्व्हरचं) क्लस्टर, मागे सॅन स्टोरेज (सर्व्हरबाहेरचं, नेटवर्कने जोडलेलं) आणि त्यावरची एक शेअर्ड डिस्क. पहिला नोड पडला की दुसऱ्याने डिस्क उचलायची आणि डेटाबेस सुरू करायचा, हाच फेलओव्हर. दादरच्या सहकारी बँकेपासून महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरपर्यंत हीच मांडणी दिसते, आणि तिच्यात हा एकच बिघाड पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. दर वेळी पहिला संशय डिस्कवर जातो. पण डिस्क बहुतेक वेळा ठणठणीत असते. एक तर दोन्ही नोडना ती सारखी दिसत नसते, नाहीतर ‘एका वेळी एकानेच लिहायचं’ हा नियम कुठेतरी सुटलेला असतो. खालच्या सगळ्या तपासण्या या दोन प्रश्नांभोवती फिरतात. उदाहरणं लिनक्स आणि पेसमेकर या क्लस्टर सॉफ्टवेअरची आहेत. विंडोजमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

लक्षणं

- फेलओव्हरनंतर फाइल सिस्टीमचं रिसोर्स (क्लस्टर सांभाळतं ती गोष्ट) ‘स्टॉप्ड’ राहतं आणि ग्रुपमधलं त्याच्या मागचं सगळं अडकतं.
- रीबूटनंतर डिस्क एकाच नोडवर दिसते, किंवा डिस्कपर्यंतचे पाथ (वाटा) चारऐवजी दोनच दिसतात.
- डिस्क दिसते, पण त्यावरचा व्हॉल्यूम ग्रुप (एलव्हीएमने डिस्कवर बांधलेला जागेचा गट) दिसत नाही.
- कर्नल लॉगमध्ये ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’ येतं.
- आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क देणारा प्रोटोकॉल) सेशन दर काही सेकंदांनी तुटतं, जुळतं, परत तुटतं. एकावर जुळलं की दुसऱ्यावर तुटतं.
- स्टोरेज गेलेलं असतं, तरी क्लस्टर ‘स्टार्टेड’ म्हणत राहतं. डेटाबेसचे प्रोसेस ‘डी’ स्टेटमध्ये (डिस्कची वाट बघत) अडकतात आणि थोड्या वेळाने नोड अचानक रीबूट होतो.
- विंडोजमध्ये इव्हेंट १०६९ म्हणजे रिसोर्स फेल झालं, १०३८ म्हणजे डिस्कची मालकी अनपेक्षितपणे गेली. सोबत ११३५ असेल तर नोडच क्लस्टरमधून बाहेर पडला आहे. मग आधी नेटवर्क बघा.
- दोन्ही नोडवर तीच फाइल सिस्टीम माउंट आहे आणि एकाच फोल्डरमध्ये दोन्हीकडे वेगवेगळ्या फाइल दिसतात. हे लक्षण असेल तर मधलं काहीही करू नका, थेट शेवटच्या ‘इथे थांबा’ भागाकडे जा.

हात लावण्याआधी

शेवटचा बॅकअप कधीचा आहे आणि तो रिस्टोअर होतो का, हे आधी विचारून घ्या. मग क्लस्टर मेंटेनन्स मोडमध्ये टाका, नाहीतर तुम्ही एक केबल काढाल आणि तेवढ्यात क्लस्टर स्वतःचा निर्णय घेऊन मोकळं होईल.

दोन्ही नोडचे, स्विचचे आणि स्टोरेजचे लॉग आत्ताच बाजूला काढून ठेवा. रीबूट केल्यावर निम्मा पुरावा जातो. लॉग जुळवताना घड्याळ बघा. स्टोरेजचे लॉग पुष्कळदा यूटीसीत असतात, सर्व्हरचे आपल्या वेळेत. सर्व्हरवर रात्री २:१० ला झालेली घटना स्टोरेजवर आदल्या दिवशीच्या २०:४० ला सापडेल. हा साडेपाच तासांचा फरक ध्यानात न आल्यामुळे ‘स्टोरेजवर काहीच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

बिघाड ठरावीक वारी, ठरावीक वेळी येतो का तेही बघा. शनिवारचा पूर्ण बॅकअप, रेडची पॅट्रोल रीड (डिस्क वाचून होणारी आपोआप तपासणी), इमारतीच्या जनरेटरची साप्ताहिक चाचणी, यांपैकी काही त्या वेळेशी जुळलं तर निम्मा शोध तिथेच संपतो.

पहिली तपासणी: क्लस्टरच्या डोक्यात काय अडकून बसलंय

हिला खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. तरी सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते तीच.

पेसमेकरमध्ये एखादं रिसोर्स एखाद्या नोडवर एकदा जरी सुरू होताना फेल झालं, तरी मूळ सेटिंगनुसार तो नोड त्या रिसोर्ससाठी बाद होतो. फेलकाउंट (अपयशांची मोजणी) थेट ‘इन्फिनिटी’ होतो आणि कुणी साफ करेपर्यंत तसाच राहतो. तीन महिन्यांपूर्वी स्टोरेज दोन मिनिटं गेलं, नंतर आलं, सगळं सुरळीत चाललं. पण तो शिक्का पुसला नसेल, तर आज खऱ्या फेलओव्हरला दुसरा नोड डिस्क घेणार नाही. आधी फेलकाउंट आणि त्याच्या बाजूची एरर लिहून घ्या, मगच क्लीनअप करा. क्लीनअप केल्याबरोबर क्लस्टर परत प्रयत्न करतं आणि जुनी एरर हाती राहत नाही.

दुसरा अडथळा कन्स्ट्रेंटचा, म्हणजे रिसोर्स कुठे चालावं या नियमाचा. चाचणी म्हणून कुणी ‘रिसोर्स मूव्ह’ केलेलं असतं. जुन्या आवृत्त्यांत ती कमांड मागे एक कायमचा नियम सोडून जाते. कन्स्ट्रेंटच्या यादीत ‘सीएलआय-बॅन’ किंवा ‘सीएलआय-प्रिफर’ने सुरू होणारं नाव दिसलं, तर ते कुणी मुद्दाम ठेवलेलं नाही याची खात्री करून काढून टाका.

विंडोजमध्ये याचंच भावंड आहे. दोन नोडच्या क्लस्टरमध्ये मूळ सेटिंगनुसार एका रोलला (एकत्र हलणाऱ्या रिसोर्सच्या गटाला) सहा तासांत एकच अपयश माफ असतं. त्याच दुपारी दुसऱ्यांदा चाचणी घेतली की रोल फेल होऊन पडून राहतो आणि सगळे डिस्क तपासत बसतात. डिस्कच्या ‘पॉसिबल ओनर्स’मध्ये दोन्ही नोडवर खूण आहे ना, तेही त्याच वेळी बघा.

दुसरी तपासणी: दोन्ही नोडना तीच डिस्क दिसते का

दोन टर्मिनल शेजारी उघडा. दोन्ही नोडवर ‘मल्टिपाथ -एलएल’ (एका डिस्कचे सगळे पाथ एकत्र सांभाळणाऱ्या मल्टिपाथची यादी) चालवा आणि डिस्कचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (तिचा एकमेव ओळख क्रमांक) ताडून बघा. एसडीबी, एसडीसी या नावांवर कधीच भिस्त ठेवू नका, ती रीबूटनंतर बदलतात. ‘एमपाथ-ए’ सारखी सोपी नावंही प्रत्येक नोड स्वतःच्या बाइंडिंग फाइलमधून देतो. त्यामुळे पहिल्या नोडचं ‘एमपाथ-बी’ दुसऱ्यावर भलतीच डिस्क असू शकते. सहसा दिसणारा डब्ल्यूडब्ल्यूआयडी ३ ने सुरू होणारा, ३३ अक्षरांचा असतो. पूर्ण ३३ जुळवा. एकाच स्टोरेजवरच्या डिस्कांचे क्रमांक बरेचसे सारखे असतात आणि फरक एक-दोन अक्षरांचा असतो.

पाथही मोजा. एचबीएचे (सर्व्हरला सॅनशी जोडणाऱ्या कार्डाचे) दोन पोर्ट आणि प्रत्येक फॅब्रिकवर (सॅन स्विचच्या स्वतंत्र जाळ्यावर) स्टोरेजचे दोन पोर्ट असतील तर चार पाथ हवेत. त्याच आउटपुटमध्ये पाथचे दोन गट दिसतील, बहुतेक वेळा एकाची प्रायॉरिटी ५०, दुसऱ्याची १०. पन्नासचा गट म्हणजे ज्या कंट्रोलरकडे ती डिस्क आहे त्याचे पाथ. एका नोडवर पन्नासचा गटच नसेल, तर डिस्क चालेल पण लांबच्या वाटेने, आणि लोड वाढला की कुरकुरेल.

डिस्क एकाच नोडवर दिसत असेल, तर स्टोरेजचं होस्ट ग्रुप उघडा. नवीन लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क) बनवताना ती ग्रुपऐवजी एकाच होस्टला मॅप होणं ही या क्षेत्रातली सर्वांत सामान्य चूक आहे. मॅपिंग दुरुस्त करा, दुसऱ्या नोडवर स्कझी बस रीस्कॅन करा. रीबूटची गरज नाही.

डिस्क दिसते पण व्हॉल्यूम ग्रुप दिसत नाही, असं रेड हॅट ९ आणि तिच्या भावंडांवर झालं तर आधी एलव्हीएमची डिव्हाइस फाइल बघा. पहिल्या नोडवर पीव्ही (एलव्हीएमसाठी तयार केलेली डिस्क) बनवलं की त्याची नोंद फक्त त्याच नोडच्या फाइलमध्ये होते. दुसऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तिथे ‘एलव्हीएमडिव्हाइसेस’ कमांडने ती डिस्क जोडा.

विंडोजमध्ये एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. पॅसिव्ह नोडच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये क्लस्टरची डिस्क ‘रिझर्व्ह्ड’ किंवा ऑफलाइन दिसणं हेच बरोबर आहे. राइट क्लिक करून ती ऑनलाइन करायला जाऊ नका.

तिसरी तपासणी: क्लस्टरला न विचारता डिस्क कोण उचलतं

एक्सएफएस आणि ईएक्सटी४ एका वेळी एकाच मशीनसाठी बनलेल्या फाइल सिस्टीम आहेत. दोन नोडनी माउंट केल्या, की प्रत्येकजण आपल्या मेमरीतल्या नकाशाप्रमाणे लिहितो आणि दुसऱ्याचं लिखाण पुसतो. एरर ताबडतोब येत नाही, काही तासांनी येते, म्हणून हे जास्त घातक.

‘रीड-ओन्ली माउंट करून फक्त बघतो’ हेही सुरक्षित नाही. जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) अर्धवट असेल तर या दोन्ही फाइल सिस्टीम रीड-ओन्ली माउंटच्या वेळीसुद्धा ते पूर्ण करायला डिस्कवर लिहितात.

म्हणून दोन्ही नोडच्या ‘एफएसटॅब’ (बूटला काय माउंट करायचं त्या यादीच्या) फाइलमध्ये शेअर्ड डिस्कची ओळ नाही ना, ते बघा. इन्स्टॉलेशनच्या दिवशी घातलेली ओळ वर्षानुवर्षं तिथेच राहते आणि पहिल्या रीबूटला जागी होते. मग एलव्हीएम. दोन्ही नोडवर सिस्टीम आयडीचा स्रोत ‘यूनेम’ ठेवलेला असावा आणि व्हॉल्यूम ग्रुपवर आत्ताच्या मालकाचं नाव दिसावं. हे सेटिंग व्हॉल्यूम ग्रुप बनवल्यानंतर केलं असेल तर सिस्टीम आयडी रिकामा राहतो, आणि रिकामा आयडी म्हणजे कुणीही या, उचला. व्हॉल्यूम ग्रुपचं ऑटोअॅक्टिव्हेशनही बंद करा. बदल झाल्यावर ‘ड्रॅकट’ने इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा, कारण बूटच्या सुरुवातीला मशीन तिच्या आतली जुनी कॉपी वाचतं.

चौथी तपासणी: क्लोन केलेला नोड

दुसरा नोड पहिल्याची कॉपी काढून बनवला असेल, तर आयस्कझीचं इनिशिएटर नाव (स्टोरेजपुढची सर्व्हरची ओळख) दोन्हीकडे एकच असतं. स्टोरेजच्या दृष्टीने मग तो एकच सर्व्हर. दुसरा लॉगिन करतो, स्टोरेज पहिल्याचं सेशन जुनं समजून तोडतं, पहिला परत लॉगिन करतो, दुसरा तुटतो. आळीपाळीने तुटणाऱ्या सेशनचं कोडं इथे सुटतं. दोन्ही नोडवरची ‘इनिशिएटरनेम’ फाइल उघडून शेजारी ठेवा. सारखी असेल तर दुसऱ्या नोडवर ‘आयस्कझी-आयनेम’ने नवीन नाव काढा, जुनी सेशन बंद करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि स्टोरेजच्या होस्ट ग्रुपमध्ये नवीन नाव टाका. एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स असेल तर ‘होस्टएनक्यूएन’ आणि ‘होस्टआयडी’ (तिथली तशीच ओळख) तपासा. मल्टिपाथ फेन्सिंग (फेन्सिंग म्हणजे बिघडलेल्या नोडला जबरदस्तीने बाजूला काढणं) वापरत असाल तर ‘रिझर्व्हेशन की’सुद्धा प्रत्येक नोडची वेगळी हवी.

आयस्कझीवर जंबो फ्रेम असतील तर ८९७२ बाइटचा, तुकडे न करण्याचा पिंग स्टोरेजच्या प्रत्येक पोर्टवर मारा. ९००० एमटीयूमधून (पॅकेटच्या कमाल लांबीतून) हेडरचे २८ बाइट वजा होतात. मधल्या एका स्विच पोर्टवर १५०० राहिलं असेल तर लॉगिन होतं, डिस्क दिसते आणि पहिल्याच मोठ्या लिखाणाला सगळं गोठतं.

पाचवी तपासणी: टाइमआउटची साखळी

‘नोड विनाकारण रीबूट होतो’ ही तक्रार बहुतेक इथली असते. पाथ तुटल्यावर काय होतं ते क्रमाने बघा. आयस्कझी मूळ सेटिंगने १२० सेकंद वाट बघतं. त्यावर मल्टिपाथमध्ये ‘नो पाथ रीट्राय’ला ‘क्यू’ लिहिलेलं असेल, तर पाथ परत येईपर्यंत लिखाण अनंत काळ रांगेत थांबतं. इकडे क्लस्टरचा फाइल सिस्टीम मॉनिटर बहुधा ४० सेकंदांत हार मानतो आणि रिसोर्स बंद करायला जातो. डिस्क अडकलेली, त्यामुळे अनमाउंट होत नाही. ६० सेकंदांत ‘स्टॉप’ फेल होतो. स्टॉप फेल झालेला नोड क्लस्टरच्या दृष्टीने बेभरवशाचा, म्हणून ते त्याला फेन्स करतं. रीबूट विनाकारण नव्हताच. क्लस्टरने नियम पाळला, आकडे मात्र एकमेकांना न विचारता ठरवले गेले होते.

मल्टिपाथ असेल तर आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट ५ सेकंदांवर आणा. पाथ बदलणं मल्टिपाथचं काम आहे, आयस्कझीने रेंगाळू नये. ‘नो पाथ रीट्राय’ला ‘क्यू’ऐवजी आकडा द्या. पाथ तपासणीचं अंतर ५ सेकंद असेल तर ६ म्हणजे साधारण ३० सेकंद. एकूण ३५, म्हणजे मॉनिटरच्या ४० च्या आत. स्टोरेजच्या कंपनीने कंट्रोलर बदलायला जास्त वेळ लागतो असं सांगितलं असेल, तर त्यांचाच आकडा धरा आणि क्लस्टरचे टाइमआउट त्याच्या वर न्या.

आणखी एक. फाइल सिस्टीमचा साधा मॉनिटर फक्त ‘माउंट आहे का’ एवढंच बघतो. डिस्क मेलेली असली तरी माउंट टेबलात ओळ असते, म्हणून ‘स्टार्टेड’. चेक लेव्हल २० दिली की तो खरोखर एक छोटी फाइल लिहून वाचून बघतो.

सहावी तपासणी: जुनं रिझर्व्हेशन

डिस्क दिसते, वाचता येते, लिहायला गेलं की ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’. म्हणजे डिस्कवर दुसऱ्या कुणाचं कुलूप आहे. ‘एसजी-पर्सिस्ट’ने डिस्कवर नोंदलेल्या ‘की’ (प्रत्येक नोडच्या किल्ल्या) वाचा. दोन नोड आणि प्रत्येकी चार पाथ असतील तर आठ नोंदी हव्यात. एका नोडच्या तीनच असतील, तर चौथ्या पाथवरून जाणारं लिखाण नाकारलं जाईल. अधूनमधून येणारा आणि कुणालाच न सापडणारा बिघाड असा असतो.

‘फेन्स-स्कझी’ नोडची वीज तोडत नाही, फक्त त्याची की काढून घेते. तो नोड चालू दिसतो पण लिहू शकत नाही. तो रीबूट करून क्लस्टरमध्ये परत येऊ द्या, कीची नोंद तेव्हा आपोआप होते. हाताने की पुसणं हा शेवटचा उपाय आहे, आणि त्याआधी दुसरा नोड बंद असल्याची खात्री पिंगवरून नाही, तर आयलो किंवा आयड्रॅकवरून (सर्व्हरच्या दूरनियंत्रण कार्डावरून) किंवा रॅकसमोर उभं राहून करायची. विंडोजचं ‘क्लिअर क्लस्टर डिस्क रिझर्व्हेशन’ याच जातीचं आहे.

व्हीएमवेअरवर डिस्क शेअर केली असेल तर डिस्क फिजिकल आरडीएम (व्हर्च्युअल मशीनला थेट दिलेली सॅन डिस्क) आहे ना आणि कंट्रोलरचं बस शेअरिंग ‘फिजिकल’ आहे ना, एवढं बघून घ्या.

सातवी तपासणी: केबल, एसएफपी आणि वीज

आता रॅकपाशी जावं लागणार. नवी मुंबईतल्या डेटा सेंटरचा गेट पास आदल्या दिवशीच काढा, आणि काम रविवारी असेल तर हार्बर आणि ट्रान्स-हार्बरचा मेगाब्लॉक बघून निघा.

स्विचवर पोर्टचे एरर काउंटर शून्य करा आणि १५ मिनिटांनी परत वाचा. जुना मोठा आकडा काही सांगत नाही, वाढणारा आकडा सांगतो. सीआरसी (खराब पोचलेल्या फ्रेमची मोजणी) वाढत असतील तर एसएफपीला (फायबर केबल बसते त्या मॉड्यूलला) मिळणारा प्रकाश शेजारच्या चांगल्या पोर्टशी ताडा. ३ डीबी कमी म्हणजे प्रकाश निम्मा. आधी कनेक्टर वन-क्लिक क्लीनरने पुसा. तोंडाने फुंकर मारू नका, शर्टाच्या टोकाने पुसू नका, पावसाळ्यात तर अजिबात नाही. ओलसर धुळीचा थर काचेवर चिकटतो आणि दुसऱ्या बाजूच्या एसएफपीतही जातो. मग केबल बदला, मग एसएफपी. एका वेळी एकच, नाहीतर दोष कशात होता ते कळणार नाही आणि बिघाड महिनाभरात परत येईल.

लॅमिंग्टन रोडवरून घाईत आणलेली पॅच कॉर्ड हातात घ्या आणि तिच्या अंगावरची छपाई वाचा. नारिंगी केबल ओएम१ किंवा ओएम२ असते. ६२.५/१२५ असं छापलं असेल तर ती ओएम१, परत करा. १६ गिगाबिट फायबर चॅनलला ओएम२ ३५ मीटर चालते, फिरोजी रंगाची ओएम३ १०० मीटर. दोन रॅकमधल्या पाच मीटरला ओएम२ चालून जाईल, मजल्यापलीकडे नाही.

दोन्ही फॅब्रिक स्विच एकाच पीडीयूवर (रॅकच्या वीजपट्टीवर) नाहीत ना, हेही पाहून घ्या. चार पाथ असूनही जनरेटर चाचणीला सगळे एकदम जात असतील तर कारण बहुधा हेच असतं.

आठवी तपासणी: झोनिंग

एचबीए बदलला की डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा ओळख क्रमांक) बदलतो आणि जुना झोन (कोणत्या पोर्टने कोणाशी बोलायचं हा स्विचवरचा नियम) निरुपयोगी होतो. १६ अंकांचा हा क्रमांक हाताने टाइप करू नका, स्विचच्या लॉगिन यादीतून कॉपी करा. ब्रोकेडवर झोन सेव्ह होतो पण ‘एनेबल’ केल्याशिवाय लागू होत नाही. सिस्कोवर लागू झालेला झोनसेट स्विच स्वतः जपतो, पण स्टार्टअप कॉन्फिगरेशनमध्ये कॉपी न केलेले बाकीचे बदल स्विच रीबूट झाल्यावर उडतात. वीज गेल्यानंतरच डिस्क गायब झाली असेल तर या दुसऱ्या शक्यतेपासून सुरुवात करा. चुकीचं झोन कॉन्फिगरेशन लागू झालं तर त्या फॅब्रिकवरचे सगळे सर्व्हर एकदम उपाशी राहतात. स्विच दुसऱ्या टीमचा असेल तर बदल त्यांनाच करू द्या.

इथे थांबा

फेन्सिंग बंद असेल तर वरचं काहीही दुरुस्त करून क्लस्टर परत चालू करू नका. ‘उगाच रीबूट करत होतं’ म्हणून स्टोनिथ (पेसमेकरचं फेन्सिंग) बंद करणं म्हणजे दोन्ही नोडनी एकदम लिहायला दार उघडं ठेवणं. आधी पाचवी तपासणी, मग फेन्सिंग चालू, मगच रोजचं काम.

दोन्ही नोडवर माउंट झालेलं आढळलं तर डेटाबेस थांबवा आणि दोन्हीकडचं लिखाण तोडा. त्याच क्षणी स्टोरेजवर लनचा स्नॅपशॉट घ्या. ‘एक्सएफएस रिपेअर’ला ‘एल’ जोडून चालवू नका, त्याने जर्नल फेकलं जातं आणि सोबत शेवटचं लिखाणही. इथून पुढे फाइल सिस्टीम आणि डेटाबेसच्या जाणकाराचं काम.

रेड ग्रुपमधल्या एकाहून जास्त डिस्क गेल्या असतील, कंट्रोलर किंवा त्याच्या कॅशची बॅटरी फेल दाखवत असेल, किंवा उपाय म्हणून स्टोरेजचं फर्मवेअर बदलावं लागत असेल, तर एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) कॉल लॉग करा. कॉल करताना करार चार तासांचा आहे की पुढच्या कामाच्या दिवसाचा, ते बघून ठेवा. सोबत ‘एसओएस रिपोर्ट’ (लिनक्सने गोळा केलेली सर्व्हरची माहिती), क्लस्टरचा रिपोर्ट, स्टोरेजचं सपोर्ट बंडल आणि घटनेची आपल्या घड्याळातली वेळ द्या. आणि तुम्ही काय काय बदललं ते क्रमाने लिहून द्या, न लपवता. समोरचा माणूस तिथूनच सुरू करतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी

मेंटेनन्स मोड काढा. चालू डिस्कवर विंडोजचं स्टोरेज व्हॅलिडेशन चालवू नका, ते डिस्क ऑफलाइन घेतं. त्यासाठी छोटी वेगळी लन ठेवा. मग वापर नसलेल्या वेळी एक केबल काढा, लिखाण किती सेकंद अडतं ते मोजा. दुसरी काढा आणि ३५ सेकंदांच्या आसपास एरर येते का बघा. केबल परत लावून चारही पाथ आले की चालू नोडला दुसऱ्या नोडवरून फेन्स करा. डिस्क दुसरीकडे चढली, डेटाबेस उघडला, पहिला नोड परत येऊन डिस्कला हात न लावता नुसता क्लस्टरमध्ये सामील झाला, की हेच सगळं उलट दिशेने करा. फेलकाउंट शून्य आहे ना ते बघा, आणि हे मोजलेले सेकंद रॅकच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहून ठेवा.